तीस टक्के तास आणायचे कुठून?

प्रश्न : ताई, माझी हेवर्डला इलेक्ट्रिकलची छोटी कंपनी आहे. माझ्यासकट आठ माणसं. आजवर घरं, दुकानं, एखाददुसरी शाळा अशी कामं केली. यंदा पहिल्यांदाच सॅन फ्रान्सिस्को शहराच्या एका क्रीडा केंद्राच्या नूतनीकरणात पोटकंत्राट मिळालंय. आता मुख्य कंत्राटदाराच्या ऑफिसातून मेल आली आहे की 'लोकल हायर'चे फॉर्म भरा, इलेक्ट्रिशियनच्या तासांपैकी ३० टक्के तास शहरातल्या रहिवाशांचे हवेत. माझा एकही माणूस तिथे राहत नाही. तिथलं भाडं परवडतं कुणाला? आमचे साधारण २,४०० तास लागतील. आम्ही युनियनचे नाही. एक मित्र म्हणतो, "माणूस शोधला, मिळाला नाही, असं लिहून द्यायचं. कुणी विचारत नाही." खरं का? (एक वाचक, हेवर्ड)

उत्तर : तुमच्या मित्राने शहराचं शेवटचं काम २०११ च्या आधी केलेलं दिसतंय. तेव्हा त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. त्या काळी नियमात 'मनापासून प्रयत्न करा' एवढीच अट होती. मी तेव्हा एका मोठ्या कंत्राटदाराकडे हेच कागद सांभाळायची. आमच्याकडे त्या 'मनापासून'ची एक जाडजूड फाइल होती : बेव्ह्यू, मिशन अशा शहरातल्या वस्त्यांमधल्या संस्थांना पाठवलेले फॅक्स, त्यांच्या पोचपावत्या, आणि शेवटी 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असं एक पत्र. दर कामाला तीच पत्रं, फक्त तारीख नवी. उद्दिष्ट होतं ५० टक्के. शहराच्या पैशाने बांधलेल्या इमारतींवर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास तास भरायचे, आणि त्याबद्दल कुणाच्या खिशाला चाट पडत नसे.

डिसेंबर २०१० मध्ये शहराच्या बोर्डाचे सदस्य (सुपरवायझर) जॉन अव्हालोस यांनी आणलेला लोकल हायरचा कायदा मंजूर झाला आणि २५ मार्च २०११ पासून लागू झाला. तिथे प्रयत्न संपले, मोजणी सुरू झाली. पहिल्या वर्षी प्रत्येक ट्रेडमध्ये, म्हणजे इलेक्ट्रिकल, सुतारकाम अशा प्रत्येक कामात, २० टक्के, मग २५, मग ३०. मूळ बेत ५० पर्यंत चढत जायचा होता, पण गाडी ३० वरच थांबली. किती रकमेच्या पुढच्या कामाला नियम लागतो हेही बदलत आलंय. सुरुवातीला ती रक्कम ४ लाख डॉलर होती, नंतर वाढवली. तुमच्या निविदेच्या कागदात छापलेली असेल तीच धरा, मित्राने सांगितलेली नको.

आता हिशोबाला बसू या. कारण खरी भीती '३० टक्के' या शब्दाची असते, आकडे मांडले की ती बरीच उतरते.

तुमच्या २,४०० तासांचे ३० टक्के म्हणजे ७२० तास. यातले निम्मे, म्हणजे ३६०, 'वंचित कामगार' या व्याख्येत बसणाऱ्या रहिवाशांचे हवेत. ती व्याख्या वाटते तितकी अरुंद नाही. कुटुंबाचं उत्पन्न शहराच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांखाली असणं, एकट्याने मूल वाढवणं, हायस्कूल पूर्ण नसणं, इंग्रजी अजून शिकत असणं, पूर्वी तुरुंगवास झालेला असणं, बेघर असणं, यातलं एक जरी लागू असलं तरी चालतं. जास्त बेकारी असलेल्या वस्तीत घर असेल तरीही.

दुसरी अट अप्रेंटिसची : अप्रेंटिसच्या तासांपैकी निम्मे तास शहरातल्या रहिवाशांचे. इथेच तुमची सुटका आहे. सरकारी कामावर जर्नीमनच्या, म्हणजे पूर्ण शिकलेल्या कारागिराच्या, दर पाच तासांमागे अप्रेंटिसचा एक तास हा कॅलिफोर्निया राज्याचा नियम आहेच, तो सॅन फ्रान्सिस्कोने काढलेला नाही. म्हणजे २,४०० मध्ये २,००० तास जर्नीमनचे आणि ४०० अप्रेंटिसचे. शहर त्यातले २००च मागतंय. तुम्ही चारशेच्या चारशे शहरातल्या अप्रेंटिसकडून करून घ्या. हे तास ३० टक्क्यांतही धरले जातात. ७२० मधून ४०० गेले, उरले ३२०. तो अप्रेंटिस वंचितांच्या व्याख्येत बसत असेल तर ३६० ची अटही त्याच ४०० तासांत भागली.

म्हणजे तुम्हाला हवाय शहरात राहणारा एक अप्रेंटिस दहा आठवडे आणि शहरात राहणारा एक जर्नीमन आठ आठवडे. बस. आठ माणसांची कंपनी मोडून नवी उभी करायची नाहीये.

आता ही दोन माणसं कुठून आणायची? शहराच्या वर्कफोर्स खात्याचा सिटीबिल्ड नावाचा कार्यक्रम आहे. तिथे काही आठवडे शिकवून मुलामुलींना बांधकामाच्या ट्रेडमध्ये पाठवतात आणि कंत्राटदाराने माणूस मागितला की नावंही सुचवतात. मागणी लेखी करायची, फॉर्मवरच करायची आणि वेळेत करायची. फोनवरचं बोलणं कुणी धरत नाही.

पण एक खाचखळगा नीट बघून ठेवा. आपल्याकडचा 'हेल्पर' हा प्राणी इथल्या सरकारी कामावर कागदोपत्री अस्तित्वातच नाही. राज्याने मान्य केलेल्या कार्यक्रमात नाव नोंदलेला असेल तरच तो अप्रेंटिस. नसेल तर शिकाऊ पोराला झाडू मारायला लावून वर चार वायरी ओढायला लावल्या तरी त्या तासांना जर्नीमनचा प्रिव्हेलिंग वेज, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, द्यावा लागतो. शिवाय इलेक्ट्रिशियनचं काम करायला राज्याचं प्रमाणपत्र लागतं हे तुम्हाला इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं सी-१० लायसन्स घेतानाच कळलं असेल. तेव्हा सिटीबिल्डमधून आलेल्या मुलाचं नाव कुठल्या अप्रेंटिस समितीकडे आहे हे पहिल्या दिवशी विचारा. तुमच्या भागातल्या समित्यांना कंत्राट मिळाल्याचं कळवणारा डीएएस १४० फॉर्म करारानंतर दहा दिवसांच्या आत, आणि काहीही झालं तरी कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत जायला हवा. अप्रेंटिस मागवणारा डीएएस १४२ निदान ७२ तास आधी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. या दोन्हींचे पुरावे जपा.

हे सगळं कधी करायचं, याबद्दल एक सांगते, कारण पोटकंत्राटदार इथेच गाळात जातात. तुमच्या धंद्यात तास कुठे जातात? भिंती उघड्या असताना. कंड्युइट टाकणं, खोके बसवणं, वायर ओढणं, तिथे. शेवटी दिवे आणि स्विच बसवायला येता तेव्हा तास जवळजवळ संपलेले असतात. बहुतेक जण सुरुवातीचं अवघड काम आपल्या नेहमीच्या गड्यांकडून उरकतात आणि शहरातली माणसं 'नंतर बघू' म्हणून शेवटाला ढकलतात. मग सहाव्या महिन्यात लक्षात येतं की ७२० तासांची गरज आहे आणि कामच २०० तासांचं उरलंय. त्या वेळी सिटीबिल्डने पन्नास नावं दिली तरी उपयोग शून्य. पहिला फॉर्म अंदाजाचा असतो, त्यात कुठल्या महिन्यात कोण किती तास हे लिहायचं असतं. तो ऑफिसातल्या मुलीकडून भरून घेऊ नका. फोरमनला शेजारी बसवा.

तास कमी पडले तर काय? कमी पडलेल्या प्रत्येक तासामागे त्या ट्रेडच्या प्रिव्हेलिंग वेजइतकी रक्कम. सॅन फ्रान्सिस्कोत इलेक्ट्रिशियनचा ताशी दर काय आहे ते तुम्हाला मी सांगायला नको, ७२० ने गुणून बघा. सवलतीचे रस्ते आहेत : नवा अप्रेंटिस प्रायोजित करणं, किंवा शहराच्या कामाबाहेर, समजा तुमच्या एखाद्या खासगी कामावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या रहिवाशाला लावून त्या तासांचं श्रेय मिळवणं. मरीन पाइल ड्रायव्हरसारखे काही दुर्मीळ ट्रेड तर यादीतूनच वगळलेले आहेत, इलेक्ट्रिशियन त्यात नाही. पण प्रत्येक सवलत शहराच्या वर्कफोर्स खात्याकडून लेखी मंजूर व्हावी लागते. काम संपल्यावर अर्ज करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

---

प्रश्न : माझा पुतण्या ट्रेसीहून रोज येतो, चांगला कारागीर आहे. माझ्या मावसबहिणीचा सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागात फ्लॅट आहे. त्याच्या कागदांवर तिचा पत्ता लावला तर? तसाही तो अधूनमधून तिच्याकडे झोपतो. (नाव नको, मिलपिटस)

उत्तर : नाव नको म्हणालात, बरं केलंत.

शहराच्या नियमात 'स्थानिक' म्हणजे जो त्या कामावर रुजू होण्याआधी किमान सात दिवस सॅन फ्रान्सिस्कोत अधिवासी आहे तो. अधिवासाची व्याख्या राज्याच्या निवडणूक कायद्यातून घेतलीय : जिथे कायम राहण्याचा हेतू आहे आणि बाहेर गेलं तरी जिथे परत येतो ते घर. दर आठवड्याचा पेरोल तुम्ही 'खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र आहोत' अशा प्रतिज्ञेखाली सही करून देता. पत्ता त्याच कागदपत्रांबरोबर फिरतो. शहराची माणसं साइटवर येऊन कामगारांशी गप्पा मारतात. "आज ट्रॅफिक होतं का?" एवढं विचारलं की ट्रेसीचा माणूस अल्टामाँटच्या घाटाला शिव्या घालायला लागतो. मी ऐकलंय हे, माझ्या समोर.

पुतण्याला खरंच बिऱ्हाड हलवायचं असेल तर गोष्ट वेगळी. सात दिवस पुरतात. लायसन्सवरचा पत्ता, गाडीचा विमा, बँकेचं स्टेटमेंट, मतदार नोंदणी असेल तर ती, सगळं बदलून घ्या. यातला गाडीचा विमा लोक हमखास विसरतात, कारण शहरातला हप्ता जास्त असतो. विमा ट्रेसीचा आणि घर सनसेटचं, हे फार काळ लपत नाही.

उलट प्रकारही सांगते. माणूस प्रामाणिकपणे म्हणतो मी मिशन स्ट्रीटवर राहतो, तुम्ही खूश होता, आणि तीन महिन्यांनी त्याचे सगळे तास कापले जातात. मिशन स्ट्रीट शहराची हद्द ओलांडून तसाच पुढे डेली सिटीत जातो, नाव तेच. तेव्हा रस्त्याचं नाव वाचू नका, झिप (पिन कोड) वाचा. सॅन फ्रान्सिस्कोचे झिप ९४१ ने सुरू होतात, डेली सिटीचे ९४० ने. रुजू होतानाच लायसन्स हातात घेऊन हा एक आकडा बघायचा आणि लायसन्सची प्रत पेरोलच्या फाइलीत लावायची.

---

प्रश्न : मी ठाण्याचा, सध्या मुलाकडे सनीव्हेलला आलोय. तुमचं सदर वाचून गंमत वाटली. आपल्याकडे 'भूमिपुत्र' म्हटलं की संकुचित म्हणतात. हरियाणाचा कायदा तर कोर्टाने उडवला. आणि इथे अमेरिकेत एक शहर उघडउघड आपल्याच माणसांना कामं देतं! घटनेत बसतं कसं? (एक निवृत्त अधिकारी)

उत्तर : काका, तुमचा प्रश्न मला आवडला, कारण इथल्या कंत्राटदारांना मी हेच कानीकपाळी ओरडून सांगत आले की नियमाचं मूळ समजलं तर आकडेमोड आपोआप समजते.

बॉस्टनच्या महापौरांनी शहराच्या पैशाच्या बांधकामांवर निम्मे कामगार शहरातले हवेत असा आदेश काढला होता. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला : शहर इथे कायदा लादत नाहीये, स्वतःच्या पैशाने काम विकत घेतंय, आणि गिऱ्हाइकाला निवडीचा हक्क असतो. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहराच्या ४० टक्क्यांच्या नियमाबद्दल त्याच कोर्टाने लगाम ओढला : दुसऱ्या राज्याच्या नागरिकाला रोजीरोटीचा समान हक्क देणारं घटनेचं कलम इथे लागू होतं, आणि भेदभाव करायचा तर त्याला ठोस कारण दाखवावं लागेल. पण कोर्टाने हेही म्हटलं की त्याच राज्यातल्या शेजारगावच्या माणसाला या कलमाचा आधार नाही, त्याने आपल्या राज्याच्या विधिमंडळात भांडावं.

आता सॅन फ्रान्सिस्कोचा नियम वाचा. कॅलिफोर्नियाबाहेरच्या कामगाराचे तास हिशोबात धरतच नाहीत. नेवाडातल्या रिनोहून माणूस आला तर त्याचे तास एकूण तासांतूनच वजा. त्याला अडवलं नाही आणि त्याच्यामुळे टक्काही घसरला नाही. अडचण होते ती आमच्या हेवर्डच्या वाचकाची, जो खाडीपलीकडे अर्ध्या तासावर राहतो! सॅन माटेओ काउंटीने हीच ओरड केली होती, कारण सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ शहराच्या मालकीचा असला तरी उभा आहे सॅन माटेओच्या जमिनीवर. तिथल्या आमदाराने २०११ मध्ये राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, विधेयकही आणलं. कोर्टाने सांगितलेलीच वाट. ते तडीस गेलं नाही.

आणखी एक गोष्ट. १९९६ च्या जनमतानंतर कॅलिफोर्नियात सरकारी कंत्राटांत वंश किंवा लिंग पाहून प्राधान्य देता येत नाही. मग बेव्ह्यूसारख्या वस्तीतल्या, पिढ्यान्‌पिढ्या बांधकामाच्या युनियनबाहेर राहिलेल्या लोकांपर्यंत काम पोचवायचं कसं? पत्ता आणि परिस्थिती, या दोनच खिडक्या उघड्या राहिल्या. 'वंचित कामगार'च्या व्याख्येत वस्तीतली बेकारी आली ती म्हणून, असं माझं वाचन आहे.

हरियाणाशी तुलना मात्र जुळत नाही. तिथला कायदा खासगी नोकऱ्यांवर होता : महिना ३० हजार रुपयांपर्यंतच्या ७५ टक्के जागा. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राचं ८० टक्क्यांचं धोरण त्यातल्या त्यात इथल्या जवळ जातं, कारण तेही सरकारकडून सवलती घेणाऱ्या उद्योगांना बांधतं : आमचा पैसा घ्याल तर आमची अट. २००८ च्या शासन निर्णयात पर्यवेक्षकांच्या जागा ५० टक्के आणि बाकीच्या ८० टक्के. फरक बघायचा तर एकच बघा. त्या निर्णयात स्थानिक व्हायला महाराष्ट्रात १५ वर्षं राहावं लागतं. इथे सात दिवस. काल मेक्सिकोतल्या युकातानहून आलेला माणूस, ज्याच्याकडे कामाचा परवाना आहे आणि मिशनमध्ये खोली आहे, तो पुढच्या आठवड्यात 'स्थानिक'. इथला नियम 'तू कुठला?' विचारत नाही, 'आज रात्री कुठे झोपणार?' विचारतो. मला हे जास्त पटतं. तुम्हाला पटेलच असं नाही, आणि ठाण्यात तर याच्यावरून दोन तास सहज भांडता येईल.

---

प्रश्न : साऊथ सॅन फ्रान्सिस्कोत माझं केटरिंगचं स्वयंपाकघर आहे. शहराच्या एका विभागाचं वर्षाचं ७० हजार डॉलरचं जेवणाचं कंत्राट मिळतंय. माझा आचारी नाशिकचा, बारा वर्षं माझ्याकडे आहे, राहतो सॅन ब्रूनोला. त्याला काढून शहरातला माणूस घ्यावा लागेल का? आणि मी 'लोकल बिझनेस'मध्ये बसते का? (एक वाचक)

उत्तर : आचाऱ्याला हात लावू नका. ३० टक्क्यांचा नियम बांधकामाचा आहे, तुम्हाला तो लागत नाही. तुम्हाला लागतो १९९८ चा 'फर्स्ट सोर्स', ५० हजार डॉलरच्या वरच्या सेवांच्या कंत्राटांना. त्यात जुन्या माणसांबद्दल काहीच नाही. कंत्राटासाठी नवी जागा निघाली, आणि ती अशी की हायस्कूलपेक्षा जास्त शिक्षण किंवा दोन वर्षांचं प्रशिक्षण लागत नाही, म्हणजे भांडी, चिराचिरी, डबे भरणं, तर ती जागा बाहेर जाहिरात करण्याआधी शहराला कळवायची. ते माणसं पाठवतील, तुम्ही मुलाखत घ्यायची. पसंत पडला नाही तर दुसरा घ्या, नकाराचं कारण लिहून ठेवा. न कळवता परस्पर भरलीत तर एका जागेमागे ५ हजार डॉलरपर्यंत भुर्दंड बसू शकतो. भाचीला भांडी घासायला बोलावलंत तरी ती जागाच.

'लोकल बिझनेस' हे तिसरंच प्रकरण, त्याचं खातंही वेगळं. त्यात कामगार कुठे राहतो हे बघत नाहीत, तुमचा धंदा कुठे आहे ते बघतात. आणि साऊथ सॅन फ्रान्सिस्को हे नाव कितीही गोड वाटलं तरी ते वेगळं गाव आहे, वेगळ्या काउंटीत. शहरात पक्कं ऑफिस नसेल तर त्या प्रमाणपत्राच्या नादी लागू नका.

---

प्रश्न : हेवर्डचाच वाचक, मागाहून सुचलं म्हणून : टक्के मुख्य कंत्राटदाराचे कमी पडले आणि दंड झाला, तर तो माझ्या बिलातून कापणार का?

उत्तर : कापणार, जर तुम्ही तशी सही केली असेल तर. पोटकंत्राटात कुठेतरी मागच्या पानांवर एक वाक्य असतं की मूळ करारातल्या सगळ्या अटी पोटकंत्राटदारालाही लागू. ते काढून टाका असं म्हणू नका, कुणी काढणार नाही. एवढंच जोडून घ्या की तुमची जबाबदारी तुमच्या स्वतःच्या तासांपुरती, आणि शहराचा तुमच्याबद्दलचा मासिक आकडा मुख्य कंत्राटदाराने दर महिन्याला लेखी कळवायचा. दुसऱ्या पोटकंत्राटदाराचे इलेक्ट्रिशियनही त्याच साइटवर असतील, फायर अलार्मवाले सहसा असतातच, तर त्यांचे तास तुमच्या ट्रेडमध्ये मिसळतात का हे त्याच पत्रात विचारून घ्या. अजून सही झाली नसेल तर नावं खोडून ते पान मला पाठवा.